उशिराचं कारण

बावीस वर्षं मी लिहीत आलो
येळ्ळूरची गाडी किती वाजता आली,
आणि शेवटच्या रकान्यात, उशिराचं कारण.
गोवावेसला सिग्नल.
सिग्नल. सिग्नल. वरात. सिग्नल.
एकदा लिहिलं होतं, रस्त्यात म्हैस व्याली.
साहेबांनी बोलावून विचारलं, मग काय झालं?
म्हटलं, रेडी झाली, साहेब.

आता ड्रायव्हरच्या काचेमागे एक डबी बसवलीय,
टिफिनच्या झाकणाएवढी.
गाडी वडगाव सोडून शहापुरात शिरली
की ती पुढच्या खांबाशी बोलते.
कुठल्या भाषेत, हे विचारायला
आमच्या गावात दोन्हीकडची माणसं लगेच उभी राहतील,
खरं मी कान लावून बघितला:
नुसती टिकटिक,
तीही बहुतेक माझ्याच घड्याळाची.

तिगडी बाई आल्या होत्या धारवाडहून, शिकवायला.
कन्नडात सुरू करायच्या, मधेच मराठीत यायच्या,
सेकंद मात्र दोन्हीकडे सेकंदच.
म्हणाल्या, गाडी वेळेवर असेल तर डबी गप्प.
उशीर झाला असेल तरच मागणार,
तेही सात सेकंद, फार तर दहा.
एकदा घेतले की थोडा वेळ परत मागायचे नाहीत,
आडव्या रस्त्यालाही माणसंच उभी असतात.
मी वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं.
मग आठवलं, हे आईनं आधीच सांगितलं होतं
शेजारच्या साखरेच्या वाटीबद्दल.

इराप्पाचा पाय अजून ऐकत नाही.
हिरवा दिसला की दाबणारच;
तीस वर्षांचं भ्या आहे त्या पायात,
आत्ता पिवळा होईल, आत्ता जाईल.
परवा हिरवा थांबून राहिला त्याच्यासाठी,
तर हा स्टिअरिंगवर वाकून वर बघत बघत गेला.
मांडवाच्या दारात कुणी 'या, या' म्हणावं
आणि आपण मागं वळून बघावं,
कुणाला म्हणतायत, तसा.

जनाक्का मुतगेकर चौथ्या सीटवर.
मुठीत शून्याचं तिकीट, पिशवीत भाकरी,
दवाखान्यात सातच्या आत अंगठा लावायचा,
नाहीतर अर्धा दिवस गेला.
डबीचं तिला काही माहीत नाही.
ती म्हणते, हल्ली ड्रायव्हर बरा दिलाय.
हे इराप्पाला सांगितलं तर तो लाजला,
खरं, डबीचं नाव काही घेतलं नाही त्यानं.

सगळंच जमतंय असं नाही.
अनगोळच्या गाडीला रेल्वेचं गेट लागतं
आणि गेट कुणाचं ऐकत नाही.
मिरजेकडची गाडी यायची असली
की सात सेकंद काय नि सत्तर काय.
शेंगावाला खिडकीखालून पुड्या वर करतो,
कंडक्टर उतरून पाय मोकळे करतो.
तेवढ्यापुरतं माझं पेन अजून चालतं.
बाकी रकाना कोरा जातो.
कोऱ्यावर काय लिहायचं असतं, ते साहेबांनाही ठाऊक नाही.
मी एक आडवी रेघ मारतो.

काल सुट्टी होती.
बायकोला स्टेशनवर सोडायला निघालो, सकाळी साडेसहाला,
गोवावेसला आडव्या रस्त्यानं आलो. लाल.
आकडा चार, तीन,
आणि परत दहा.
मागून हॉर्न सुरू झाले.
शेजारच्या दुधवाल्या पोरानं खांबाची आई काढली,
मीही तोंड उघडलंच होतं.
बायको म्हणाली, काय झालं हो, का थांबवलंय?

समोरून येळ्ळूरची गाडी गेली.
इराप्पा वर बघत होता.
चौथ्या खिडकीला डोकं टेकून जनाक्का,
तोंड उघडं, गाढ झोपलेली.

बावीस वर्षांत पहिल्यांदाच
कारण डोळ्यांसमोरून जाताना दिसलं.
मला सांगायचं होतं तिला,
खरं ती पाठीत बोट टोचत म्हणाली,
हिरवा झालाय की. बघताय काय.